राग कशाचा आला? फौजदारी कायदा आणि भावना

आजचा विषय जाहीर करताना आयोजकांनी 'फौजदारी कायद्यातील भावनांचे स्थान' असं नाव दिलं आहे. नाव जड आहे, पण प्रश्न आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. 'रागाच्या भरात हात उचलला गेला', असं आपण म्हणतो. कुणी उचलला, ते सांगत नाही. उचलला गेला! जणू हात वेगळा आणि माणूस वेगळा. आणि ऐकणाराही पुष्कळदा ते मान्य करतो. प्रश्न असा की कायद्याने ते मान्य करावं का? करायचं तर कुणाच्या बाबतीत आणि कशासाठी?

आधी एक खुलासा. आम्ही वकील नाही. आम्ही पस्तीसएक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे कलमांचा अर्थ लावण्यात आमचा अधिकार मर्यादित आहे. पण कलमाच्या पोटात माणसाविषयीची कोणती समजूत दडलेली आहे, हे तपासणं आमच्या विषयात बसतं. आज तेवढंच करू.

सुरुवात मराठी व्याकरणापासून करू या. आपण म्हणतो, 'मला राग आला.' इंग्रजीत माणूस रागावलेला 'असतो', आपल्याकडे राग 'येतो'. पाऊस येतो, ताप येतो, तसा. या वाक्यात आपण कर्ते नसतो, आपल्यावर काहीतरी येऊन आदळतं. पण लगेच समोरचा विचारतो, 'कशाचा राग आला?' आता बघा, हा प्रश्न आपण तापाबद्दल विचारत नाही. ताप कशाने आला असं विचारू, कशाचा आला असं नाही. रागाला 'चा' लागतो. राग कुणाचा तरी असतो, कशाचा तरी असतो. आणि उत्तर ऐकल्यावर समोरचा म्हणतो, 'मग बरोबर आहे तुझं', किंवा म्हणतो, 'एवढ्याशा गोष्टीचा राग?' म्हणजे तो आपल्या रागाचा निवाडा करतो.

भावनेकडे बघण्याच्या दोन दृष्टी इथे आहेत. एक दृष्टी म्हणते की भावना ही शक्ती आहे. ती लोटते, ढकलते, विवेकाला बाजूला सारते. दुसरी म्हणते की भावनेच्या पोटात एक विधान असतं. 'माझा अपमान झाला', 'माझ्यावर अन्याय झाला', 'मला धोका आहे'. हे विधान खरं असेल किंवा खोटं, रास्त असेल किंवा अवाजवी. ॲरिस्टॉटलने रागाची व्याख्या करताना अपमान झाल्याची जाणीव त्यात घातली, ती यासाठीच. आपल्या काव्यशास्त्रातही क्रोध हा स्थायीभाव विभावाशिवाय, म्हणजे कारणाशिवाय, उभा राहत नाही. उलट गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून संमोह, मग स्मृतिभ्रंश, मग बुद्धिनाश अशी जी उतरंड येते, तिथे पहिल्या दृष्टीवर भर आहे. मार्था नुसबॉम आणि डॅन कहान यांनी १९९६ साली एका दीर्घ निबंधात फौजदारी कायद्यातला हाच गोंधळ मांडला. एकीला त्यांनी यांत्रिक म्हटलं, दुसरीला मूल्यमापन करणारी. आमचं आजचं म्हणणं त्यांच्या मांडणीवर उभं आहे, पण उदाहरणं आपल्याकडची घेऊ.

आता कायदा बघू. भारतीय दंड संहितेचं ३००वं कलम खुनाचं. त्याचा पहिला अपवाद असा की गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटला आणि त्याने प्रक्षोभ देणाऱ्याला मारलं, तर तो खून नाही. तो सदोष मनुष्यवध. निर्दोष सुटका नव्हे, हे लक्षात ठेवा. शिक्षा आहेच, पण खुनाला फाशी किंवा जन्मठेप असते, तशी नाही. २०२३ साली भारतीय न्याय संहिता आली, १ जुलै २०२४पासून लागू झाली, आणि हा अपवाद तिच्या १०१व्या कलमात जसाच्या तसा येऊन बसला.

भाषा कोणती आहे? 'अचानक', 'ताबा सुटला'. पूर्णपणे यांत्रिक. प्रेशर कुकरची शिटी उडावी तसा माणूस उडतो, असं चित्र. पण त्याच कलमाखाली जे दृष्टांत दिले आहेत ते वाचा. बेलिफ कायदेशीरपणे एकाला अटक करतो. त्या माणसाला एकदम भयंकर संताप येतो आणि तो बेलिफाला ठार करतो. कायदा म्हणतो, खून. दुसरा दृष्टांत. साक्षीदार साक्ष देतोय, न्यायदंडाधिकारी म्हणतात की तुमच्या एका शब्दावरही माझा विश्वास नाही. साक्षीदार भडकतो, मारतो. कायदा म्हणतो, खून. तिसरा. प्रक्षोभ दिला एकाने आणि संतापाच्या भरात मारलं त्याच्या मुलाला. खून.

का बरं? बेलिफाला मारणाऱ्याचा संताप कमी होता का? ताबा सुटला नव्हता का? दृष्टांतच सांगतो की संताप अचानक होता, भयंकर होता. कुकरच्या हिशोबाने शिटी उडालीच होती. तरी सूट नाही, कारण बेलिफ त्याचं काम करत होता आणि त्यावर संतापण्याचा या माणसाला हक्क नव्हता. म्हणजे कायदा रागाचं वजन करून थांबत नाही. राग रास्त होता का, योग्य माणसावर होता का, हेही तो बघतो. तोंडाने बोलतो एक आणि हाताने करतो दुसरं. आमची तक्रार इथून सुरू होते. निवाडा करतो म्हणून तक्रार नाही. निवाडा झाकून करतो म्हणून आहे. झाकलेल्या निवाड्यावर कुणाला वाद घालता येत नाही.

आता ज्या खटल्याशिवाय महाराष्ट्रात या विषयावर बोलताच येत नाही, त्याकडे येऊ. नानावटी खटला. २७ एप्रिल १९५९, मुंबई. आम्ही तेव्हा शाळकरी पोर. घरात मोठी माणसं वर्तमानपत्र पुढ्यात घेऊन बोलत असायची आणि आम्ही खोलीत शिरलो की एकदम गप्प व्हायची. इतकं कळलं होतं की एका नौदलाच्या अधिकाऱ्याने कुणालातरी मारलंय आणि आमच्या घरातल्या सगळ्यांना तो अधिकारी आवडतो!

घटनाक्रम थोडक्यात असा. कमांडर कावस नानावटी हे आयएनएस म्हैसूर या युद्धनौकेवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. पत्नीने त्यांना प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यांनी पत्नीला आणि मुलांना मेट्रो सिनेमावर सोडलं. मग जहाजावर गेले. रात्री एकट्याने मोटार चालवत अहमदनगरला जायचंय असं सांगून एक रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. आहुजाच्या कार्यालयात गेले, तो तिथे नव्हता. घरी गेले. तिथे गोळ्या झाडल्या गेल्या. मग स्वतः जाऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. सत्र न्यायालयात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयाने खुनासाठी दोषी धरलं आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. पुढे १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली.

नानावटींचा मुख्य बचाव प्रक्षोभाचा नव्हताच, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. झटापटीत गोळ्या सुटल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ते टिकलं नाही. मृताच्या अंगावरचा टॉवेल झटापटीनंतरही जागच्या जागी कसा राहिला, हा प्रश्न त्यात आडवा आला. प्रक्षोभाचा मुद्दा पर्यायी होता. त्यावर न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिलेलं निकालपत्र आजही आधार मानलं जातं. कसोटी अशी की आरोपी ज्या समाजवर्गातला आहे, त्या वर्गातल्या समंजस माणसाचा त्या परिस्थितीत ताबा सुटला असता का? शब्द आणि हावभावही प्रक्षोभ ठरू शकतात. मृताच्या आधीच्या वागण्याने तयार झालेली मनाची पार्श्वभूमीही विचारात घेता येते. मात्र प्राणघातक वार संतापाच्या अमलाखालीच झालेला असला पाहिजे, मधे वेळ जाऊन डोकं शांत झाल्यावर नव्हे. नानावटी घरातून निघाले दुपारी दीडच्या सुमारास, गोळ्या झाडल्या गेल्या ४ वाजून २० मिनिटांनी. जवळजवळ तीन तास. सबब अपवाद लागू नाही.

निकाल योग्यच होता, असं आमचं मत आहे. पण कारण बघा. निकाल घड्याळावर लागला! समजा, रिव्हॉल्व्हर आणायला जहाजावर जावंच लागलं नसतं. समजा, ते खिशातच होतं आणि आहुजा शेजारच्या खोलीत होता. मग? मग अपवाद मिळण्याची दाट शक्यता होती. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं होतं तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. पत्नीचं दुसऱ्यावर मन बसलं, हे तिच्या प्रियकराला मारण्याच्या रागाला रास्त ठरवतं का? ज्यूरीने हे गृहीत धरलं. नानावटींची बाजू लावून धरणाऱ्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने गृहीत धरलं. आमच्या घरातल्या मोठ्या माणसांनीही धरलं. आणि न्यायालयाने दोषी ठरवतानासुद्धा तो प्रश्न बाजूला ठेवून तीन तास मोजले. या घटनेवर बेतलेला गुलजारांचा १९७३चा चित्रपट आहे, त्याचं नावच 'अचानक'. कायद्यातला तोच शब्द.

अनेक वर्षांपूर्वी वर्गात हा खटला शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारलं, 'सर, नवऱ्याचं बाहेर प्रकरण असतं आणि कमांडरसाहेबांच्या जागी त्यांची पत्नी असती, तर आठ जणांनी तिला सोडलं असतं का?' वर्गात हशा झाला. आम्हीही हसलो. काहीतरी उत्तर देऊन पुढे गेलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. कारण तिने नेमक्या जागेवर बोट ठेवलं होतं आणि आम्ही, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, ते ओळखू शकलो नाही.

'अचानक' या अटीचा फायदा कुणाला होतो, याचा विचार करा. ज्याच्या अंगात बळ आहे, ज्याला समोरच्याची भीती नाही, त्याचा राग लगेच बाहेर पडू शकतो. जो दुबळा आहे त्याचा राग धुमसतो. त्याला तत्क्षणी हात उचलणं परवडत नाही, कारण उलट हात येणार हे त्याला माहीत असतं. मराठीत 'भडकणं' आणि 'धुमसणं' असे दोन वेगळे शब्द आहेत. कायद्याला पहिला समजतो.

इंग्लंडमधलं एक प्रकरण बघू, कारण आपला अपवाद आणि त्यांचा प्रक्षोभाचा नियम एकाच घरातले. तिथे १९४९ सालच्या डफी खटल्यापासून 'अचानक आणि तात्पुरता ताबा सुटणं' हे सूत्र रूढ होतं. किरणजीत अहलुवालिया ही पंजाबहून लग्न होऊन तिथे गेलेली बाई. दहा वर्षं नवऱ्याची मारहाण सोसली. १९८९ साली एका रात्री तो झोपलेला असताना तिने पेट्रोल टाकून आग लावली. तो पुढे मरण पावला. तिला खुनासाठी जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने तिची बाजू लावून धरली आणि १९९२ साली अपील न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. पण कशाच्या आधारावर? प्रक्षोभाच्या मुद्द्यावर नाही. तिच्या मनाची अवस्था बिघडली होती, तिला नैराश्याचा आजार होता, त्यामुळे जबाबदारी कमी होते, या मुद्द्यावर. शेवटी तिची सुटका झाली, चांगलंच झालं. पण किंमत बघा. दहा वर्षांच्या माराचा राग हे एक कारण होतं, न्यायालयात त्याचा आजार झाला. पुरुषाच्या रागाला कारण असतं आणि बाईच्या रागाला निदान!

झोपलेल्या माणसाला जाळणं योग्य होतं, असं आम्ही म्हणत नाही. तो गुन्हाच आहे. म्हणणं एवढंच की दोन रागांची तुलना करायची तर ती मिनिटांनी करू नये.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. आक्षेप असा की न्यायाधीश रागाचं मूल्यमापन करायला बसले, तर कुणाची नीती वापरतील? उद्या एखादा बाप उभा राहील आणि म्हणेल, मुलीने परजातीत लग्न केलं, आमच्या घराण्याची अब्रू गेली, आमच्या समाजात कुठल्याही समंजस माणसाचा ताबा सुटला असता. नानावटी निकालातली 'त्या समाजवर्गातला समंजस माणूस' ही कसोटी त्याच्या हाती आयती आहे. मग काय करणार?

मित्रहो, आमच्या मते हाच आक्षेप आमच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे. त्या बापाचा राग खोटा नसतो. तो खरा असतो, भयंकर असतो आणि बातमी कळताच उसळलाही असू शकतो. भावना म्हणजे नुसती शक्ती असं मानलं तर त्याला द्यायला तुमच्याकडे उत्तर नाही, तुम्ही फक्त घड्याळ बघाल. त्याला उत्तर एकच देता येतं. बाबा रे, तुझ्या रागाच्या पोटात जे विधान आहे ते खोटं आहे. मुलगी तुझी मालमत्ता आहे, तिचं लग्न हा तुझा अपमान आहे, हे विधान या देशाच्या राज्यघटनेला मान्य नाही. २०११ साली भगवान दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'ऑनर किलिंग'विषयी कठोर भूमिका घेतली, ती त्या बापाच्या रागाची तीव्रता मोजून घेतली नाही. त्या रागातली समजूतच रानटी ठरवून घेतली. म्हणजे जमतं. न्यायालयाला हे करता येतं.

आणि कुणाची नीती, याचं उत्तरही तिथेच आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांची नीती वापरायची नाही, घटनेची वापरायची. एक उदाहरण देतो. १९५९ साली दंड संहितेचं ४९७वं कलम जिवंत होतं. परस्त्रीशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार होता, पण त्या स्त्रीच्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नव्हता. म्हणजे गुन्हा कुणाविरुद्ध? नवऱ्याच्या मालकीविरुद्ध. नानावटींच्या रागाला तेव्हा देशाच्या कायद्याचीच पाठराखण होती. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाइन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. पत्नी ही मालमत्ता नाही, हे स्पष्ट केलं. मग पाच वर्षांनी नवी संहिता लिहिताना प्रक्षोभाच्या अपवादावर याचा काही परिणाम व्हायला नको होता का? कलमाचा क्रमांक बदलला. आत 'गंभीर' आणि 'अचानक' तसेच राहिले. 'गंभीर' कशाच्या मापाने, ते अजूनही लिहिलेलं नाही.

इंग्लंडने २००९च्या कायद्यात काय केलं ते बघा. जुना प्रक्षोभाचा बचाव रद्द केला. ताबा सुटणं अचानकच असलं पाहिजे ही अट काढली. गंभीर हिंसेची भीती हेही एक कारण म्हणून मान्य केलं. आणि जोडीदाराचा व्यभिचार हे राग रास्त ठरवणारं कारण धरायचं नाही, असं कलमातच लिहून टाकलं. यावर तिथे टीकाही झाली. २०१२ साली क्लिंटन खटल्यात अपील न्यायालयाने व्यभिचार संदर्भ म्हणून विचारात घ्यायला वाट ठेवली. म्हणजे वाद संपला नाही. पण वाद उघड्यावर आला. कोणता राग समजून घ्यायचा आणि कोणता नाही, यावर संसदेत, न्यायालयात, वर्तमानपत्रांत बोलता येऊ लागलं. आम्हाला एवढंच हवं आहे.

शेवटी एक मुद्दा, जो आपल्या सर्वांना लागू होतो. रागाचा प्रश्न आरोपीच्या पिंजऱ्यातच नसतो, तो बाहेरच्या गर्दीतही असतो. १९८३च्या मच्छी सिंग निकालापासून फाशीचा विचार करताना समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकाला बसलेल्या धक्क्याची भाषा आपल्या न्यायालयांत आली. त्याआधी तीनच वर्षं, १९८०च्या बच्चन सिंग निकालात, न्यायाधीशांनी लोकमताचे प्रवक्ते होऊ नये असा इशारा दिलेला होता. समाजाला अन्यायाची चीड यावी, नक्की यावी. चीड येत नाही तो समाज मेलेला. पण त्या चिडीलाही तोच प्रश्न विचारला पाहिजे. कशाची चीड आली? सारख्याच गुन्ह्यात एका मृतासाठी मोर्चे निघतात आणि दुसऱ्यासाठी निघत नाहीत, हे आपण पाहतो. मग ती चीड गुन्ह्याची होती की आणखी कशाची? हे न विचारता न्यायाधीशाने ती शक्ती म्हणून स्वीकारली, तर नानावटींच्या ज्यूरीत आणि त्याच्यात फरक काय राहिला? एकीकडे प्रेमाचा लोट, दुसरीकडे द्वेषाचा.

तेव्हा आमचं म्हणणं गोळा करून सांगतो. भावनांना न्यायालयाबाहेर काढा, असं आम्ही म्हणत नाही, ते शक्यही नाही. भावना समजून न घेणारा कायदा थंड डोक्याने सुपारी घेणारा आणि दहा वर्षं मार खाणारी, यांत फरक करू शकणार नाही. 'अचानक' हा शब्द दाराशी राखणदार म्हणून उभा करू नका. तो फार तर एक पुरावा असावा. त्याऐवजी दोन प्रश्न कलमात उघड लिहा. राग कशाचा होता? आणि घटनेने समान मानलेल्या नागरिकांमध्ये तो राग रास्त म्हणता येईल का? रास्त राग आला म्हणून मारायचा परवाना मिळत नाही, गुन्हा गुन्हाच राहतो. तो खून की सदोष मनुष्यवध, एवढंच त्यावरून ठरावं.

ज्या विद्यार्थिनीने तो प्रश्न विचारला, ती आता कुठे असेल आम्हाला ठाऊक नाही. वकिली करत असेल तर बरं. भेटली तर तिला सांगू की तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं. आठ जणांनी तिला सोडलं नसतं. हे आम्हाला त्या दिवशीही माहीत होतं, म्हणूनच आम्ही हसलो.

प्रश्न असतील तर आता घेऊ.